चौदा काचा आणि दोन डायरेक्ट डेबिट

क्लाइव्ह बटरवर्थच्या घराला खिडक्या नऊ, काचा चौदा. समोरच्या बाजूला सहा, मागच्या बाजूला सात आणि जिन्यावरची एक, जिच्यातून शेजारच्या भिंतीखेरीज काहीही दिसत नाही. घरात माणसे दोन. त्या दोघांच्या बँकखात्यांतून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा, म्हणजे डायरेक्ट डेबिट, एकूण सात. त्यांतले सहा त्याच्या बायकोच्या, जॅनिसच्या, खात्यातून, एक क्लाइव्हच्या. ही मोजणी त्याने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोनदा केली आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आले. दुसऱ्या वेळी ते जरा जास्त झोंबले.

त्या एकाचा इतिहास थोडक्यात असा. एका नाताळच्या आठवड्यात, सणाची टर्की ओव्हनमध्ये भाजत असताना, बटरवर्थांच्या घरचा गॅस बंद झाला. बिल क्लाइव्हने सुरक्षित जागी ठेवले होते. ते इतके सुरक्षित होते की अजून सापडलेले नाही. त्या दिवसापासून वीज, गॅस, विमा, नगरपालिकेचा कर, फोन आणि टीव्हीचा परवाना अशी सगळी खाती जॅनिसकडे गेली. पाण्याचे बिल मात्र क्लाइव्हने सोडले नाही. चौतीस वर्षे तो पाणीपुरवठा कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. टॉडमर्डन गावाने प्यायलेल्या पाण्याचा थेंब न् थेंब त्याने तपासला, असे म्हटले तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. निदान पाण्याचे पैसे तरी आपल्या हातून जावेत, एवढीच त्याची मागणी होती, आणि जॅनिसने ती मोठ्या मनाने मान्य केली होती.

आता शेजारचा नेव्हिल. नेव्हिलने चार वर्षांत सात बँका बदलल्या होत्या. आपल्याकडे खाते आणा, दोन डायरेक्ट डेबिट चालू ठेवा, आम्ही बक्षीस देतो, असे बँका म्हणत. नेव्हिल बक्षीस घेई आणि पुढच्या बँकेत जाई. या उत्पन्नातून त्याने परसात लाकडी उन्हाळघर बांधले. टॉडमर्डनमध्ये उन्हाळा वर्षाला सरासरी अकरा दिवस असतो. उरलेले दिवस नेव्हिल त्या घरात कोट घालून बसे आणि क्लाइव्हला स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसे.

"एकशे पंच्याहत्तर पौंड," नेव्हिल कुंपणावरून म्हणाला. "करायचं काय? तर काहीच नाही. काही न करणं तुला जमतं ना?"

क्लाइव्हने त्याच दुपारी खाते हलवले. नव्या बँकेची अट वाचायला सोपी होती: लागोपाठ तीन महिने, दर महिन्याला दोन वेगवेगळ्या डायरेक्ट डेबिटची रक्कम खात्यातून गेली पाहिजे. एक होता. दुसरा हवा होता. त्याने जॅनिसकडे एखादे बिल उसने मागितले.

"कुठलं हवंय?" जॅनिसने विचारले. "गॅसचं?"

पुढे तो विषय निघाला नाही.

गाढवांच्या आश्रमाला महिना एक पौंड द्यावा, असे नेव्हिलने सुचवले. पण जॅनिसच्या बहिणीने हॅलिफॅक्सहून तेच केले होते. आता तिला वर्षाला बारा पत्रे येत, त्यात गाढवाचा फोटो असे, आणि पैसे बंद करावेत तर त्या गाढवाच्या नजरेला नजर देता येत नसे. मग नेव्हिलने तोडगा काढला. त्याच्या खिडक्या धुणारी कंपनी पैसे डायरेक्ट डेबिटनेच घेते. गाडीतून येतात, लांब दांड्याच्या ब्रशातून शुद्ध पाणी सोडतात, शिडी नाही, बादली नाही. एका खेपेचे अठरा पौंड. तीन महिने लावायचे आणि बंद करायचे.

इथे क्लाइव्ह अडला. कारण त्याच्या खिडक्या विल्फ धूत असे.

विल्फ स्कोल्फील्डचे वय एकाहत्तर. गेली बावीस वर्षे दर चौथ्या गुरुवारी तो शिडी, बादली आणि कातड्याचे मऊ फडके घेऊन येई, चौदा काचा पुशी, मग स्वयंपाकघरात बसून एक कप चहा आणि दोन बिस्किटे घेई. बारा पौंड रोख घेतले की खिशातल्या वहीत बटरवर्थ या नावापुढे बरोबरची खूण करी. चहाला अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात विल्फ पाण्याविषयी विचारत असे: कुठल्या डोंगराचे जड, कुठले हलके, फेस का येत नाही. निवृत्त झाल्यापासून क्लाइव्हला पाण्याविषयी विचारणारा जगात हा एकच माणूस उरला होता.

आणखी एक गोष्ट होती. सहा वर्षांपूर्वी क्लाइव्हच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि तो नऊ आठवडे वरच्या खोलीत पडून होता. त्या नऊ आठवड्यांत विल्फ दर गुरुवारी आला. बोलावले नव्हते, पैसे घेतले नाहीत. शिडी लावून तो पलंगासमोरच्या खिडकीची डावीकडची काच पुशी आणि मग खिशातून पुठ्ठा काढून काचेला टेकवी. पुठ्ठ्यावर क्रिकेटची धावसंख्या लिहिलेली असे. आपला संघ हरत असला की उलटा धरी.

तर अशा माणसाला क्लाइव्हने मुद्दाम चहाला बोलावून डायरेक्ट डेबिटचे विचारून पाहिले.

"बँकेतून?" विल्फ म्हणाला. "नको रे गड्या. तुझ्या बँकेला माझं तोंड माहीत नाही, मला तिचं नाही. बरं चाललंय आमचं."

काही महिने येऊ नकोस, एवढे सांगणे बाकी होते. क्लाइव्हने तोंड उघडले आणि म्हणाला, "अजून चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला फोन केला. त्याची योजना सरळ होती: पैसे घ्या, खिडक्या धुऊ नका. फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती. तिने दोनदा समजून घ्यायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "सर, मग आम्ही पैसे कशाचे घ्यायचे?" बरे, दिवस तरी बदला, असे त्याने विनवले. तेही जमेना. गाडी त्या गल्लीत दर चौथ्या बुधवारी येते, आणि ती त्याच बुधवारी येते. तारीख पंधरा. विल्फचा गुरुवार सोळा.

पंधराला शॅनन नावाची धिप्पाड बाई गाडीतून उतरली आणि बावीस मिनिटांत चौदा काचा धुऊन गेली. क्लाइव्हने प्रकाश मोजायचे यंत्र काढले. फोटो काढायच्या नादापायी घेतलेले ते यंत्र त्याने इतक्या वर्षांत फोटोसाठी फारसे वापरले नव्हते, मोजायला वापरले होते. शेडमधली नवी कोरी काच शंभर टक्के धरली, तर शॅननच्या काचेतून सत्त्याण्णव टक्के उजेड येत होता. विल्फच्या हातची काच कायम चौऱ्याण्णव. भांडी घासायच्या साबणाचा एक पातळ थर विल्फ मागे ठेवी. बावीस वर्षांत त्यात अर्ध्या टक्क्याचाही फरक पडला नव्हता. महिनाभराची नैसर्गिक घाण साचलेली काच एक्याऐंशी.

म्हणजे गुरुवारी विल्फ येणार तेव्हा काचा एक्याऐंशी हव्यात. सध्या सत्त्याण्णव आहेत. सोळा टक्के घाण रात्रीतून कुठून आणायची, हा प्रश्न होता. सामान्य माणसाने इथे हात टेकले असते. क्लाइव्हचे दुर्दैव असे की त्याला उत्तर येत होते.

पहिल्या दिवशी त्याने लिटरभर पावसाचे पाणी, चाळलेली बागेतली माती आणि शेगडीतली काजळी असे मिश्रण करून झाडांवर फवारायच्या बाटलीत भरले. सकाळी सहाला ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर येऊन खालच्या काचांवर मारले. वरच्या मजल्याची पंचाईत होती, कारण शस्त्रक्रियेनंतर जॅनिसने त्याला शिडीची मनाई केली होती. तिथे त्याने आतून खिडकी उघडून, हात बाहेर काढून, उलट्या मनगटाने फवारले. यंत्र लावले. बावन्न. बैठकीच्या खोलीतून मालगाडी गेल्यासारखे दिसत होते. विल्फ आला, बघून म्हणाला, हवा खराब झालीय हल्ली, आणि पुसून गेला.

इथपर्यंत ठीक होते. एकदा पैसे गेले, अजून दोन खेपा. पण फेब्रुवारीच्या शेवटी बँकेचे पत्रक आले आणि त्यात दोनऐवजी एकच डेबिट दिसला. पाण्याचे बिल दहा हप्त्यांत कापले जाते. फेब्रुवारी आणि मार्च हे सुट्टीचे महिने. चौतीस वर्षे त्याच कंपनीत काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हते का? माहीत होते. ते वेळापत्रक ठरले त्या बैठकीत क्लाइव्ह स्वतः होता. चहा त्यानेच आणला होता.

म्हणजे लागोपाठचे तीन महिने एप्रिलपासून सुरू. शॅननला मध्ये थांबवावे का? नेव्हिलने हात जोडले. चालू डेबिटला हात लावायचा नाही, बँकेला वास येतो, असे तो म्हणाला. मग पाच खेपा. अठरा पंचे नव्वद पौंड, बक्षिसातून वजा केले तरी पंच्याऐंशी उरतात. क्लाइव्हने आकडे ताडून पाहिले. आकड्यांत चूक नव्हती.

मार्चमध्ये मिश्रण पातळ केले तर सात वाजता पावसाची भुरभुर आली आणि नऊपर्यंत सगळे धुऊन गेले. विल्फच्या फडक्यावर काही लागलेच नाही. त्याने फडके उलटून पाहिले, खिडकीकडे पाहिले, क्लाइव्हकडे पाहिले. एप्रिलमध्ये चिकटावे म्हणून क्लाइव्हने साखर घातली. काचेवर चिकटले ते मधमाश्यांसकट. विल्फला शिडीवर एक चावली आणि चहाच्या वेळी क्लाइव्हनेच त्याच्या कानाला बर्फ लावला. साखर रद्द करून मेमध्ये साय काढलेले दूध वापरले. यंत्राने एक्याऐंशी दाखवले. अचूक एक्याऐंशी. प्रयोगशाळेतल्या चौतीस वर्षांत क्लाइव्हला इतका नेमका निकाल क्वचित मिळाला होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. दुपारपर्यंत घराला शिळ्या दुधाचा वास सुटला.

हे सगळे समोरच्या घरातून ब्रेंडा पाहत होती. ब्रेंडाचे वय अठ्ठ्याहत्तर आणि खिडकी अगदी समोर. बुधवारी हा माणूस खिडक्या धुऊन घेतो, गुरुवारी पहाटे स्वतः चिखल मारतो, आणि मग दुसऱ्या माणसाला पैसे देऊन पुसून घेतो. एका शनिवारी ती लिंबाचा केक घेऊन आली, क्लाइव्हचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "बाळा, माझ्या नवऱ्याचं, हॅरोल्डचंही, असंच सुरू झालं होतं." केकच्या खाली दवाखान्यातले स्मरणशक्तीविषयीचे पत्रक होते.

जॅनिसने दवाखान्याची वेळ घेतली. परिचारिकेने क्लाइव्हला तारीख विचारली, पंतप्रधानांचे नाव विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितले. तो दोनपर्यंत आला आणि तिने थांबा म्हणायच्या आत उणे पाच, उणे बारा करत पुढे गेला. परिचारिकेने काहीतरी लिहिले. काय लिहिले ते त्याला दिसले नाही, आणि हा अपमान त्याला बाकी सगळ्या अपमानांहून जास्त लागला.

घरी आल्यावर त्याने जॅनिसला सगळे सांगितले. तिने चहाच्या किटलीत पाणी भरले.

"विल्फला सांग," ती म्हणाली.

"सात जूनला शेवटची खेप आहे. पैसे चौदाला जातील. मग शॅनन बंद. विल्फला कळायचं कारणच उरणार नाही."

"त्याला कळेल का, असं मी विचारलं नाही, क्लाइव्ह."

आठ जूनचा गुरुवार. क्लाइव्हने सकाळी दूध, माती, काजळी यथासांग केले. विल्फ आला, त्याने चौदा काचा पुसल्या, चहाला बसला. पाण्याविषयी काही विचारले नाही. एक बिस्किट खाल्ले. मग कप खाली ठेवून बोलला.

"तुझ्या खिडक्यांची घाण मला मार्चपासून कळत नव्हती. खाली सगळीकडे सारखी. वर मात्र एका हाताच्या लांबीएवढीच. ती लांबी मी आज मोजली, गड्या. तुझा हात आहे तो."

क्लाइव्हने स्वतःच्या हाताकडे पाहिले.

"गल्लीत माझी एकवीस घरं होती," विल्फ म्हणाला. "त्या दांडेवाल्यांनी पंधरा नेली. तुला वाईट वाटलं असणार, समजतं मला. विल्फला काम राहावं म्हणून तू पहाटे उठून स्वतःच्या खिडक्या घाण करतोस. कुणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. पण दया म्हणून दिलेलं काम मी घेत नाही. म्हणून आज सांगून जातो."

इथे क्लाइव्हसमोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्याने पाहिल्या. गप्प बसले तर विल्फ जाणार, पण क्लाइव्हला देवमाणूस समजून जाणार. खरे सांगितले तरी जाणार. कुठल्याही हिशोबाने गप्प बसणे फायद्याचे होते. पण विल्फचे डोळे जरासे ओले होते आणि त्याच्या कानाच्या पाळीवर मधमाशीच्या डंखाचा पुसट डाग अजून दिसत होता. क्लाइव्हने सगळे सांगितले. शॅनन, सत्त्याण्णव टक्के, दूध, दहा हप्ते, बँक. शेवटी रक्कमही सांगितली.

"एकशे पंच्याहत्तर," विल्फ म्हणाला.

"पंच्याऐंशी. खर्च वजा जाता."

हे वाक्य आपण का बोललो, हे क्लाइव्हला पुढे कधीही सांगता आले नाही.

विल्फने वही काढली, बटरवर्थ या नावावर पेन्सिलने एक सरळ रेघ मारली आणि वही परत खिशात घातली. टेबलावरच्या बारा पौंडांना हात लावला नाही. दुसरे बिस्किट बशीत तसेच होते.

"मला सांगितलं असतंस," दारात तो म्हणाला, "तर पाच महिने मी खिडक्यांना आलोच नसतो. नुसता चहाला आलो असतो."

तो गेल्यावर क्लाइव्ह तास-दीड तास बसून राहिला. मग त्याने एकच काम केले, आणि तेही घाईत. फोन उचलून शॅननच्या कंपनीचा डायरेक्ट डेबिट रद्द केला. त्या क्षणी त्याला फार स्वच्छ वाटले. संध्याकाळी जॅनिस म्हणाली की चौदा तारखेपर्यंत, अजून सहा दिवस, थांबला असतास तर निदान पैसे तरी मिळाले असते. तिने आवाज चढवला नव्हता, त्यामुळे बचावाला काही जागा उरली नाही.

जूनमध्ये दुसरी रक्कम गेलीच नाही, म्हणून बँकेने बक्षीस नाकारले. पत्रात पुढे असेही होते की ही योजना एका ग्राहकाला एकदाच मिळते. कंपनीने सात जूनच्या धुण्याचे अठरा पौंड कार्डाने मागून घेतले. ऑगस्टमध्ये काचा फारच मळल्या तेव्हा क्लाइव्हने परत फोन केला; गोड मुलगी म्हणाली की ज्यांचे डेबिट मध्येच रद्द झाले त्यांची नावे गाडीच्या यादीत परत घेत नाहीत, सॉरी सर. तो स्वतः खुर्चीवर चढला, तर जॅनिसने खुर्चीच उचलून नेली. त्याने विल्फला एक कार्ड पाठवले. आतला मजकूर लिहायला चार दिवस लागले आणि शेवटी फक्त क्षमस्व आणि नाव एवढेच राहिले. उत्तर आले नाही. दर चौथ्या गुरुवारी विल्फ समोर ब्रेंडाकडे येई आणि शिडीवर उभा राही. शिडीवर उभ्या माणसाची गल्लीकडे पाठच असते, हे क्लाइव्हला माहीत होते. तरी तो पाठीकडे बघत बसे.

नेव्हिल एकदा कुंपणाशी आला. दुसरी एक बँक दोनशे पौंड देत होती, तीन डेबिटवर. क्लाइव्हने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. काचेतून नेव्हिल नीटसा दिसत नव्हता, एवढाच या प्रकरणातला लाभ.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी दोघे जॅनिसच्या बहिणीकडे हॅलिफॅक्सला जेवायला गेले. तिथे गाढवाचे नवे पत्र पाहावे लागले. परत आले तेव्हा चार वाजले होते, ढगाळ पण स्थिर उजेड होता. क्लाइव्ह दर महिन्याला काचा मोजत असे. उपयोग काही नव्हता, पण नोंद सुरू केली की मध्ये सोडायची नाही, ही सवय. शेडमधली कोरी काच घेऊन त्याने खालून सुरुवात केली. मग जिना, मागची खोली, शेवटी वरची पुढची. पलंगासमोरच्या खिडकीपाशी तो थांबला. यंत्राची बॅटरी काढून नवी घातली आणि ती एक काच तीनदा मोजली.

तेरा काचा: अठ्ठावन्न ते त्रेसष्ट टक्के. पलंगासमोरची, डावीकडची: चौऱ्याण्णव.